स्वमग्नता व अतिचंचलता : मुलाची खासगी तपासणी करून घेण्यापूर्वी

शाळेतून चिठ्ठी येते : 'आपल्या पाल्याची तपासणी करून घ्यावी.' कशाची तपासणी, कोणाकडून आणि कशासाठी, याचा चिठ्ठीत उल्लेख नसतो. आईवडील गोंधळतात. नात्यातील कोणी शहरातील एखाद्या केंद्राचा पत्ता देते. एका भेटीत शुल्क भरले जाते, दोन पानांचा अहवाल हाती पडतो आणि त्यावर इंग्रजी आद्याक्षरांत एक निदान लिहिलेले असते. त्याचा अर्थ नीट समजावून सांगितला जात नाही. पुढे शासकीय योजनेचा लाभ घेण्याची वा परीक्षेत सवलत मागण्याची वेळ येते, तेव्हा तो अहवाल पुरेसा नसल्याचे कळते. पैसा गेलेला असतो आणि त्याहून मोलाची अशी मुलाच्या वाढीची वर्षेही गेलेली असतात.

प्रिय वाचकहो, ही ओढाताण पुष्कळ अंशी टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. खासगी तपासणीतून मिळते ते मुलाविषयीचे ज्ञान. हक्काचे प्रमाणपत्र मिळते ते शासनाच्या प्राधिकृत वैद्यकीय मंडळाकडून. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत, आणि हे दोन्ही मार्ग समजून घेऊन पाऊल उचलणाऱ्या कुटुंबाचा त्रास वाचतो.

दोन अवस्था

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित विकासात्मक अवस्था होय. तिची लक्षणे दोन क्षेत्रांत दिसतात. पहिले क्षेत्र सामाजिक देवाणघेवाणीचे : नजरेला नजर देणे, हावभाव समजणे, संभाषण चालू ठेवणे, मैत्री जुळवणे. दुसरे क्षेत्र पुनरावृत्तीचे : तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल सहन न होणे, एखाद्याच विषयात गढून जाणे, आवाज, स्पर्श वा प्रकाश यांचा अतिशय त्रास होणे किंवा त्यांचे भानच नसणे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४ साली व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली.

अवधानाची उणीव व अतिचंचलता ही दुसरी अवस्था 'एडीएचडी' या नावाने ओळखली जाते. तिच्या निदानाचे निकष अठरा लक्षणांवर आधारलेले आहेत : नऊ अवधानाच्या अभावाची आणि नऊ चंचलता व उतावळेपणाची. कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात. वय सतरा वा अधिक असल्यास पाच पुरेशी ठरतात. काही लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, ती एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे रोजच्या जीवनात खरोखर अडथळा येत असावा. केवळ शाळेतच धिंगाणा घालणारे आणि घरी, मैदानावर, धर्मशिक्षणाच्या वर्गात शांत असणारे मूल या निकषांत सहसा बसत नाही. तेथे कारण शाळेतच शोधावे लागते.

या दोन अवस्था एकाच मुलात एकत्र असू शकतात. २०१३ पूर्वीच्या अमेरिकन निकषांनुसार स्वमग्नतेचे निदान झाल्यावर अतिचंचलतेचे निदान करता येत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढून टाकली. त्यामुळे त्यापूर्वीच्या अहवालात एकच निदान असेल आणि अडचणी मात्र दोन्ही प्रकारच्या दिसत असतील, तर पुन्हा तपासणी करून घेणे योग्य ठरते.

आईने प्रेम कमी दिले म्हणून, गरोदरपणी काही चुकले म्हणून किंवा लस दिली म्हणून मूल स्वमग्न होते, असे मानण्यास आधार नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आहे.

केव्हा थांबू नये?

"याचा बापही उशिराच बोलला होता," हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. ते खरेही असू शकते. तरीही पुढील खुणा दिसल्यास वाट पाहत बसू नये :

१) वर्ष पूर्ण झाल्यावरही हाक मारल्यास मूल वळून पाहत नाही.
२) दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
३) सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य नाही.
४) आलेले शब्द वा आलेला हसरेपणा कोणत्याही वयात नाहीसा झाला.

चौथी खूण दिसताच विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

सोळा ते तीस महिन्यांच्या बालकांसाठी 'एम-चॅट' ही वीस प्रश्नांची प्रश्नावली बालरोगतज्ज्ञ वापरतात. तिच्या उत्तरांवरून अधिक तपासणीची गरज आहे की नाही, एवढेच समजते. ती चाळणी आहे, निदान नव्हे. मोबाइलवरील चाचण्यांनाही याहून अधिक वजन देऊ नये.

मुलींच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. अनेक मुली इतरांचे अनुकरण करून आपली अडचण झाकतात, वर्गात गप्प बसतात आणि त्यामुळे कोणाच्या नजरेत येत नाहीत. 'शहाणी, लाजाळू' म्हणून कौतुक झालेल्या मुलीची अडचण माध्यमिक शाळेत, अभ्यास आणि मैत्री दोन्ही कठीण झाल्यावर उघड होते.

कोणाकडे जावे?

पहिली भेट आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची. त्यांनी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवावे. चांगल्या केंद्रात यांच्यासमवेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक असे पथक असते. मुंबईत २००१ पासून कार्यरत असलेले 'उमीद' हे बालविकास केंद्र अशा पद्धतीचे आहे.

तज्ज्ञांची नोंदणी पाहणे हा पालकांचा हक्क आहे. डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. अहवालाखाली सहीसोबत नोंदणी क्रमांक असावा. 'समुपदेशक' एवढीच पाटी लावणाऱ्या व्यक्तीने केलेले निदान पुढे कोठेही मान्य होण्याची खात्री नसते.

तपासणी कशी होते?

स्वमग्नता वा अतिचंचलता रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात दिसत नाही. निरीक्षण, मुलाखत आणि प्रमाणित चाचण्या यांच्या आधारेच निदान होते. म्हणून ते एकाच घाईच्या भेटीत उरकता येत नाही. साधारण क्रम असा असतो :

प्रथम, इतर कारणांचा शोध. मूल हाकेला ओ देत नसेल, तर आधी कानांची तपासणी झालीच पाहिजे. लहान बालकांत ती 'बेरा' चाचणीने होते. दृष्टी, झोप, फिट्स, थायरॉइड, रक्तक्षय यांचाही विचार होतो. वाढलेल्या टॉन्सिल्समुळे रात्री नीट न झोपणारे मूल दिवसा अतिचंचल भासू शकते.

दुसरे, पालकांची सविस्तर मुलाखत. गर्भारपण, जन्म, पहिले शब्द, खेळ, सवयी, कुटुंबाचा इतिहास, सारे विचारले जाते.

तिसरे, मुलाचे निरीक्षण. स्वमग्नतेसाठी 'एडॉस' ही खेळाच्या माध्यमातून घेतली जाणारी चाचणी जगभर वापरली जाते. 'कार्स' ही पंधरा मुद्द्यांची श्रेणीही प्रचलित आहे. आपल्या देशात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली 'इसा' ही चाळीस मुद्द्यांची भारतीय श्रेणी आहे. तीत प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण दिले जातात. ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावरील गुण तीव्र स्वमग्नता दर्शवतात. भारतीय मुलांसाठी तयार केलेली 'आयएनडीटी' ही निदानसाधने स्वमग्नता आणि अतिचंचलता या दोहोंसाठी उपलब्ध आहेत.

चौथे, शाळेचे म्हणणे. अतिचंचलतेच्या निदानासाठी 'व्हँडरबिल्ट' किंवा 'कॉनर्स' यांसारख्या प्रश्नावल्या पालक आणि शिक्षक अशा दोघांकडून भरून घ्याव्या लागतात. शिक्षकांना काहीच न विचारता केलेले निदान अपुरे समजावे.

पाचवे, बुद्धी व कौशल्यांची चाचणी. 'बिने-कामत' किंवा 'मालिन' यांसारख्या चाचण्यांवरून मुलाची आकलनशक्ती आणि दैनंदिन कौशल्ये समजतात. वाचन-लेखनाची अडचण असल्यास अध्ययन-अक्षमतेची वेगळी चाचणी होते.

भाषेचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. वसईतील कित्येक घरांत सामवेदी वा वाडवळी बोलली जाते, शाळा इंग्रजी असते आणि शेजार मराठी वा हिंदी. अशा मुलाची चाचणी केवळ इंग्रजीतून घेतली, तर त्याला जेवढे येते तेवढे कागदावर उतरत नाही. मूल घरी कोणती भाषा बोलते हे आपण होऊन सांगावे आणि त्या भाषेत प्रश्न समजावण्याची व्यवस्था मागावी. अनेक भाषा कानांवर पडल्याने मूल स्वमग्न होत नाही. घरची बोली बंद करण्याचा सल्ला त्यामुळे मुकाट्याने स्वीकारू नये.

जाण्यापूर्वीची तयारी

एका वहीत आठ-पंधरा दिवस साध्या नोंदी कराव्यात : काय घडले, त्याआधी काय झाले होते, मूल कशाने शांत झाले. 'फार त्रास देतो' असे लिहू नये. 'मिक्सर लावला की कान झाकून रडतो' असे लिहावे. घरी खेळताना, जेवताना, पाहुणे आल्यावर मूल कसे वागते याचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण जवळ ठेवावे, कारण दवाखान्यात मूल नेहमीसारखे वागेलच असे नाही. जन्माची व लसीकरणाची कागदपत्रे, प्रगतिपुस्तके, वर्गातील वह्या आणि शिक्षकांचे पत्र सोबत न्यावे. शक्यतो आई व वडील दोघांनीही जावे. मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी सोबत असेल, तर आणखी उत्तम.

शुल्क व प्रश्न

खासगी तपासणीचे शुल्क शहरागणिक आणि केंद्रागणिक फार बदलते. म्हणून वेळ घेतानाच पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत :

१) एकूण किती भेटी, आणि प्रत्येक भेट किती वेळाची?
२) कोणकोणत्या चाचण्या होणार व त्या कोण घेणार?
३) सांगितलेल्या शुल्कात अहवाल व तो समजावून सांगण्याची भेट धरली आहे काय?
४) दोन्ही अवस्थांची तपासणी एकत्र होईल की वेगळे पैसे पडतील?
५) अहवाल किती दिवसांत मिळेल?
६) सवलतीच्या दराची सोय आहे काय?

संकोच करू नये. अनेक धर्मादाय केंद्रांत उत्पन्नानुसार सवलत असते. परंतु ती विचारल्याशिवाय सहसा सांगितली जात नाही. जे केंद्र तपासणीपूर्वीच वर्षभराच्या उपचारांचे पैसे आगाऊ मागते, तेथून उठून यावे. मूलपेशी उपचाराने, म्हणजे 'स्टेम सेल'ने, स्वमग्नता बरी करण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

अहवाल कसा वाचावा?

चांगल्या अहवालात मुलाचा इतिहास, घेतलेल्या चाचण्यांची नावे व गुण, प्रत्यक्ष निरीक्षणे, निदान, मुलाची बलस्थाने आणि घर व शाळा यांच्यासाठी ठोस सूचना असतात. 'थेरपी सुरू करावी' ही सूचना पुरेशी नाही. कोणती, आठवड्यातून किती वेळा, कोणत्या उद्दिष्टासाठी आणि प्रगती केव्हा तपासायची, हे लिहिलेले असावे. न समजलेला प्रत्येक शब्द विचारून घ्यावा. अहवाल पटला नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यास हरकत नाही; परंतु नकोसे निदान टाळण्यासाठी दवाखान्यामागून दवाखाने बदलण्यात मुलाचेच नुकसान होते.

अहवाल आणि प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, हा कायदा एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मानतो. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत आहेत. अतिचंचलता मात्र स्वतंत्र प्रकार म्हणून त्यांत नाही. केवळ अतिचंचलतेच्या खासगी अहवालावरून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मुलाला सोबत अध्ययन-अक्षमता असेल, तर तिची तपासणी प्राधिकृत रुग्णालयात करून त्या कारणास्तव प्रमाणपत्र मिळू शकते. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक आदी सवलतींचे नियम प्रत्येक परीक्षा मंडळाचे वेगळे आहेत. ते शाळेमार्फत लेखी विचारून घ्यावेत आणि दहावीच्या वर्षाची वाट पाहू नये.

प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यानंतर प्राधिकृत रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ मुलाला स्वतः तपासते आणि प्रमाणपत्र व 'यूडीआयडी' हे वैश्विक ओळखपत्र देते. खासगी अहवाल तेथे पूरक कागद म्हणून उपयोगी पडतो, मंडळाच्या तपासणीऐवजी तो चालत नाही. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व नोंदले गेल्यास कायद्यातील अनेक लाभ लागू होतात. अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना स्वमग्न व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास कायदेशीर पालकत्वाची सोयही त्याच न्यासाच्या स्थानिक समितीमार्फत होते.

प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. प्रमाणपत्र कपाटात ठेवता येते आणि गरजेच्या वेळी काढता येते. ते वेळेवर न काढल्यामुळे हुकलेली संधी मात्र परत आणता येत नाही.

खासगी शुल्क परवडत नसेल तर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शासकीय शाळांत तपासणी करणे हे या कार्यक्रमाचे काम आहे. विकासातील विलंब, स्वमग्नता आणि अतिचंचलता यांचाही त्याच्या यादीत समावेश आहे. अशा मुलांना पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक, के. ई. एम. व नायर या महापालिका रुग्णालयांत जाता येते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २०२१ पासून लहान बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. गर्दी असते, खेपा पडतात, हे खरे. पण काम होते. शक्य असल्यास शासकीय रुग्णालयात नाव नोंदवून ठेवावे आणि त्याच वेळी खासगी तज्ज्ञांची भेटही घ्यावी.

प्रौढांनी काय करावे?

मुलाची तपासणी चालू असता 'हे सारे माझ्याही बाबतीत असेच होते' असे एखाद्या वडिलांना वा आईला जाणवते. प्रौढांनी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जावे. बालपणीच्या खुणा सिद्ध कराव्या लागत असल्याने जुनी प्रगतिपुस्तके आणि आईवडिलांच्या वा मोठ्या भावंडांच्या आठवणी उपयोगी पडतात. नैराश्य, चिंता, झोपेची कमतरता व मद्यपान यांमुळेही अवधान ढळते. ती कारणे आधी तपासली जावीत.

निदानानंतर

स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. संवाद, खेळ आणि दैनंदिन कौशल्ये शिकवणारे उपचार आणि पालकांचे प्रशिक्षण हाच मार्ग आहे. अतिचंचलतेत सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण सुचवले जाते. मोठ्या मुलांना गरजेनुसार मिथिलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे डॉक्टर देतात. ती स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. बोलण्याच्या व खेळाच्या उपचारांसाठी अंतिम निदानाची वाट पाहण्याची गरज नाही. विलंब दिसला, तेव्हाच ते सुरू करता येतात.

शेवटी शेजाऱ्यांसाठी दोन शब्द. मिस्सेच्या वेळी एखादे मूल मधल्या वाटेने धावते किंवा घंटेच्या आवाजाने कान झाकून ओरडते, तेव्हा पाठीमागच्या बाकांवरून नजरा त्याच्या आईकडे वळतात. त्या नजरांमुळेच कित्येक कुटुंबे मंदिरात आणि दवाखान्यातही जाण्याचे टाळतात. मूल दोन वर्षांचे असताना जायला हवे होते तेथे ते सात वर्षांचे झाल्यावर पोहोचते. त्या आईला आपल्या शेजारी जागा करून दिली, तर तपासणीचा पत्ता ती कदाचित आपल्यालाच विचारील. तो आता आपणांस ठाऊक आहे.